जगाचे प्रश्न आणि आपली आठवी-नववीची मुलं : गटात बसवून कसं शिकवावं?

पारसिकपल्याड (ऐरोली)

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात दर शनिवारी संध्याकाळी तेरा ते सोळा वयाची मुलं जमतात. महापालिकेच्या शाळेतली आहेत, इंग्रजी माध्यमाची आहेत, शेजारच्या गावठाणातली आणि नाक्यापलीकडच्या वस्तीतलीही काही येतात. या उन्हाळ्यात त्यांच्या गप्पांतून एकेक प्रश्न निघत गेला. इतकं का उकडतं, युद्ध थांबत का नाही, लोक देश सोडून होडीत बसून का पळतात, खाडीत फ्लेमिंगो कशाला येतात. प्रश्न अगदी खरे आहेत, पण त्यांची उत्तरं येतायत ती रील्समधून, अर्धीकच्ची.

या मुलांनी हे विषय एकमेकांच्या मदतीने समजून घ्यावेत असं फार वाटतं. कुणी समोर उभं राहून भाषण देणं नको. मी शिक्षक नाही, कारखान्यात नोकरी करतो, म्हणून तुम्हाला विचारतोय. गट कसे पाडावेत, म्हणजे चार बोलकी मुलंच सगळा वेळ घेणार नाहीत? पहिला विषय कोणता धरावा? आणि ‘अभ्यास बुडतो’ म्हणणाऱ्या आईवडिलांना काय सांगावं? कुणी करून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा.

चहाबशी (नेरूळ)

आमच्याकडेही हेच हवंय. वाचत राहीन.

नौपाडेकर (ठाणे)

उपक्रम चांगला, पण माझं मत वेगळं आहे. जग नंतर, आधी वॉर्ड. आमच्या इमारतीतल्या दहावीच्या मुलाला विचारलं, घरातलं सांडपाणी कुठे जातं? म्हणाला, गटारात. आणि गटार कुठे जातं? गप्प. मासुंदा तलावाला रोज वळसा घालणाऱ्या मुलांना ठाण्यातले किती तलाव बुजले याचा पत्ता नसतो. त्यांना हवामानबदलाचा पॅरिस करार शिकवून काय होणार? लांबच्या प्रश्नावर मोठमोठं बोलायची सवय लागते आणि दारातला प्रश्न तसाच राहतो.

कळवेकरीण

काका, तळमळ कळते, पण ‘जग नंतर’ म्हणायची सोय आता राहिलेली नाही. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिच्या फोनवर सकाळी उठल्याउठल्या कोसळलेल्या इमारती आणि रडणारी पोरं दिसतात. जग तिच्यापर्यंत कधीच पोचलंय. त्याबद्दल बोलायला शेजारी कुणी नाही, एवढंच. एकटीने बघण्यापेक्षा मैत्रिणींबरोबर बसून बोललेलं बरं.

शाळावाली (घणसोली)

तुम्हा दोघांचंही एकाच बैठकीत साधतं. कसं ते जरा लांबण लावून सांगते, कारण माझं सारं काम याच वयाच्या मुलांबरोबर आहे.

शाळांत ‘गटकार्य’ म्हणून जे चालतं त्यात एकच विषय पाच जणांना देतात. मग एक जण लिहितो, एक चित्रं चिकटवतो, तिघांची फक्त नावं असतात. यात सहकार्य नसतंच, कारण कुणावाचून कुणाचं अडत नाही. १९७१मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गांत चांगलाच तणाव होता. तेव्हा एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांसोबत ‘जिगसॉ’ पद्धत बसवली. धड्याचे तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. वेगवेगळ्या गटांतली, पण तोच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात. मग आपापल्या गटात परत जाऊन बाकीच्यांना शिकवतात. शेवटी प्रश्न येतात ते सगळ्या धड्यावर आणि प्रत्येकाला स्वतंत्र. ज्या मुलाकडे एरवी कुणी वळूनही बघत नाही, त्याचा तुकडा ऐकल्याशिवाय कुणाचंच पूर्ण होत नाही. म्हणून त्याचं ऐकून घ्यावंच लागतं.

आता विषय. मी ‘पाणी’ घेते आणि त्याचे चार तुकडे करते. पहिला शहापूर तालुका. तानसा आणि भातसा ही धरणं तिथे, मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसातून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. दुसरा आपलं मोरबे. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःच्या मालकीचं धरण, पण आहे खालापूर तालुक्यात, म्हणजे पाणी आपलं आणि जमीन दुसऱ्याची. तिसरा केपटाऊन. सलग दुष्काळानंतर २०१८मध्ये तिथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालावी लागली आणि नळ बंद पडण्याची तारीख जाहीर होऊन पुढे टळली. चौथा नाईल नदी. इथिओपियाने २०११पासून तिच्या वरच्या अंगाला मोठं धरण बांधायला घेतलं, आणि खाली इजिप्तचं जवळपास सगळं गोडं पाणी त्याच नदीचं.

चारही तुकडे जोडले गेले की गटाला एकच प्रश्न द्यायचा : पाणी कुणाचं? नदी जिथून निघते त्यांचं, धरण बांधायला पैसे घालतात त्यांचं, की ज्यांना तहान जास्त त्यांचं? गेल्या खेपेला इथिओपियाच्या बाजूने तावातावाने बोलणारी मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘बाई, मग शहापूरवाल्यांचंही बरोबरच आहे की.’ माझ्या तोंडून हे वाक्य आलं असतं तर तो उपदेश झाला असता.

नौपाडेकर (ठाणे)

शाळावालीबाई, असं असेल तर माझा आक्षेप बराचसा मागे. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण शहापूरकरांच्या तोंडून मी कितीदा ऐकली आहे. तिचा नाईलशी संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं. तरीही वॉर्डाचा नकाशा मुलांच्या हातात हवाच, या मतावर ठाम.

चहाबशी (नेरूळ)

+१. वाचनखूण साठवली.

तिसरा_बाक (वाशी)

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत असताना एमयूएन केलंय, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल. प्रत्येकाला एकेक देश मिळतो आणि त्या देशाच्या वतीने बोलायचं असतं. मला न आवडणाऱ्या देशाची बाजू मांडावी लागली, तेव्हा त्या देशाला कसली भीती वाटते हे पहिल्यांदा कळलं. हा फायदा मोठा आहे. पण बक्षीस मिळतं ते कोट घालून फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याला. नियमांची भाषा पाठ केली की विषय न वाचताही जिंकता येतं. फीदेखील बरीच असते. वस्तीतली मुलं तिथे दिसणारच नाहीत. तुमच्या गटात इंग्रजीची सक्ती करू नका एवढीच विनंती.

अबोली (घोडबंदर रोड)

खूप पटलं. आमच्याकडे मराठी-हिंदी चालेल असं सांगितल्यावर कोपऱ्यात बसणारा एक मुलगा बोलायला लागला. बांधकामावरच्या कुटुंबातला आहे. उन्हात काम करणाऱ्यांना दुपारी काय होतं ते त्याने सांगितलं, तेव्हा तापमानवाढीच्या आलेखावर बोलणारी आमची मुलं गप्प बसून ऐकत होती.

शाळावाली (घणसोली)

अबोली, चांगलंच झालं, पण इथे सांभाळा. त्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं. ‘तू सांग, तुमच्याकडे पाणी नसतं ना?’ असं विचारून मुलाला नमुना म्हणून उभं करायचं नाही. गरिबीवर बोलायची जबाबदारी गरीब घरच्या मुलावर टाकली की तो पुढच्या शनिवारी येत नाही. त्याला नाईलचा तुकडा द्या, आणि टॉवरमधल्या मुलाला शहापूरचा.

अबोली (घोडबंदर रोड)

हे लिहून ठेवते. धन्यवाद.

पामबीच_पायी (सानपाडा)

गटातल्या फुकट्यांचं काय करायचं? आमच्या लेकाच्या शाळेत सगळा प्रकल्प त्याने एकट्याने केला आणि गुण पाचही जणांना सारखे मिळाले. तेव्हापासून ‘ग्रुप’ म्हटलं की तोंड वाकडं करतो.

शाळावाली (घणसोली)

त्याचं बरोबर आहे. चारापेक्षा मोठा गट करू नका. कोण मांडणार हे आधी ठरवू नका, शेवटी चिठ्ठी काढा, म्हणजे सगळ्यांना तयार राहावं लागतं आणि हुशार मुलगा बाकीच्यांना शिकवल्याशिवाय उठत नाही. आणि पीपीटीला बंदी. कागद, पेन आणि तोंड.

कळवेकरीण

घरी नेऊन करायलाही बंदी घाला. घरी गेलं की प्रकल्प आई करते, नाहीतर चॅटजीपीटी.

तिसरा_बाक (वाशी)

चॅटजीपीटीला बंदी नको. त्याने दिलेल्या उत्तरातलं प्रत्येक विधान तपासायचं, हेच एका गटाचं काम ठेवा. आमच्या वयाला त्याचीच जास्त गरज आहे. कुठली आकडेवारी कुणाची, किती जुनी, हे शोधताना मुलं खूप शिकतात. उदाहरण म्हणून माणशी कार्बन उत्सर्जन घ्या. एकूण उत्सर्जनात भारत तिसरा म्हणून बातम्या येतात. माणशी काढलं तर आपण वर्षाला साधारण २ टन, अमेरिका १४ टनांच्या आसपास. दोन्ही आकडे खरे. एका गटाला पहिला द्या, दुसऱ्याला दुसरा, आणि मग बोलायला बसवा.

खाडीपोर (दिवाळे)

धागा उशिरा पाहिला. मी दिवाळे कोळीवाड्यातला. फ्लेमिंगोचं नाव आलं म्हणून लिहितो.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, अभिमान आम्हालाही आहे. शाळांच्या सहली ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात येतात, बोटीतून पक्षी बघतात, फोटो काढून जातात. खाडीत मासे धरणाऱ्या माणसाशी कुणी बोलत नाही. माझ्या काकांच्या डोलीत, म्हणजे जाळ्यात, मासळीबरोबर किती प्लास्टिक येतं ते मुलांनी हाताने वेगळं करून बघावं. जिताडा पूर्वी कुठे मिळायचा आणि आता कुठे, निवट्या कमी का झाल्या, हे आमच्या घरच्या बायका पुस्तकापेक्षा चांगलं सांगतील, कारण बाजारात विकायला त्याच बसतात. समुद्रातलं प्लास्टिक हा जगाचा प्रश्न आहे ना? मग आमच्या जाळ्यापासून सुरू करा. मुलांना घेऊन या, मी सोबत येतो. भरती-ओहोटीची वेळ मात्र मी सांगेन ती.

पामबीच_पायी (सानपाडा)

मुलं येवोत न येवोत, जिताडा असेल त्या दिवशी मी नक्की येणार.

खाडीपोर (दिवाळे)

या की. पण आधी प्लास्टिक वेचायचं, मग जेवण.

चहाबशी (नेरूळ)

अवांतर : जिताडा कालवणातच चांगला की तळून?

खाडीपोर (दिवाळे)

कालवण. डोकं तर कालवणातच. यावर गटचर्चा नाही.

उल्हासकाठ (कल्याण)

माशांवरून परत माणसांवर येतो. वर होडीतून पळणाऱ्या लोकांचा प्रश्न आहे. मुलांना निर्वासित म्हटलं की सीरिया किंवा युक्रेन आठवतं. आपल्या लोकलच्या मार्गावर उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या लष्करी छावणीत राहिली, १९४९मध्ये त्या वस्तीला शहराचं नाव मिळालं. आजही रिक्षावाल्याला ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असंच सांगावं लागतं. शंभर रुपये घेऊन आलेल्या माणसाने दुकान कसं उभं केलं हे सांगणारी आजी-आजोबांची पिढी आता थोडीच उरली आहे. त्यांना भेटायचं तर आत्ताच.

आणि नवी मुंबईचीच गोष्ट घ्या. १९७०मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ९५ गावांची जमीन घेऊन शहर वसवायचं ठरलं. जासईचं १९८४चं आंदोलन, तिथे गोळीबारात गेलेले शेतकरी, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचा लढा आणि त्यातून आलेली साडेबारा टक्क्यांची योजना (घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत), हे सगळं या मुलांच्या घराखालच्या जमिनीचं आहे. नवी मुंबईच्या विमानतळाला ज्यांचं नाव द्यावं असा ठराव राज्याने केला ते कोण, हे टर्मिनल बघायला गेलेल्या किती मुलांना माहीत असेल?

गटाला एवढाच प्रश्न द्या : युद्धाने हलवलेला, पुराने हलवलेला आणि प्रकल्पाने हलवलेला माणूस, यांच्यात फरक काय आणि सारखं काय? संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने जगात जबरदस्तीने घर सोडावं लागलेल्यांची संख्या १२ कोटींच्या आसपास आहे आणि त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्याच देशात आहेत. होडीतले दिसतात, हे दिसत नाहीत.

पारसिकपल्याड (ऐरोली)

उल्हासकाठ, आमच्या गटातली गावठाणातली दोन मुलं प्रकल्पग्रस्त कुटुंबांतली आहेत. शाळावालींनी लिहिलेलं लक्षात ठेवून हा विषय जपून काढेन. त्यांच्या आजोबांना मात्र आवर्जून बोलवायचं मनात आहे, त्यांना बोलायचंच असतं.

सगळ्यांना एक विचारतो. युद्धाचं काय करावं? मुलं रोज विचारतात. पालकांच्या ग्रुपवर तर त्यावरून भांडणं होतात.

नौपाडेकर (ठाणे)

युद्ध टाळा. सोसायटीत कटुता येईल.

मनमोकळी (ठाणे पूर्व)

मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक. टाळू नका, असं कळकळीने सांगते. मोठी माणसं एखाद्या विषयावर गप्प बसली की मुलं समजतात, हे बोलण्यासारखं नाही, आणि मग एकटीच बघत राहतात. माझ्याकडे झोप उडालेली मुलं येतात, ती बातम्यांनी हबकलेली असतात.

पद्धत मात्र हवी. डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी सहकारी अध्ययनावर मोठं काम केलं आहे, त्यातली एक मला फार उपयोगी पडते. चौघांचा गट, त्यात दोन जोड्या. एक जोडी एक बाजू तयार करून मांडते, दुसरी उलट. नंतर बाजू बदलायच्या आणि समोरच्यांची बाजू त्यांच्याइतकीच चांगली मांडून दाखवायची. शेवटी बाजू सोडून चौघांनी मिळून एक पानभर लिहायचं : आम्हाला काय पटलं, आणि काय अजून कळलेलं नाही. कोण जिंकलं हे विचारायचंच नाही. मारल्या गेलेल्या माणसांचे व्हिडिओ दाखवायचे नाहीत. आणि लोकांना मारणं बरोबर होतं का, यावर बाजू पाडायच्या नाहीत. युद्धबंदी कुणी घडवून आणावी, मदतीचं धान्य आधी कुठे पोचवावं, निर्वासितांना कुठल्या देशाने जागा द्यावी, यावर पाडाव्यात.

दुसरं असं, की प्रत्येक विषय मुलांच्या हातून होईल अशा एखाद्या कामापर्यंत न्या. नुसता हवामानबदल ऐकून मुलं म्हणतात, ‘मग आता काहीच होणार नाही.’ हा निराशेचा सूर फार लवकर लागतो.

तिसरा_बाक (वाशी)

इथे माझी असहमती. दर विषयाच्या शेवटी काम लावलं की ते किनारा सफाई, हातमोजे आणि सेल्फी यावर येऊन थांबतं. सफाई वाईट नाही, पण मुलांना वाटतं प्रश्न सुटला. काही विषय नुसते नीट कळले तरी पुष्कळ झालं. मला पंधराव्या वर्षी कुणी फक्त समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मनमोकळी (ठाणे पूर्व)

सेल्फीपुरतं नको, हे मान्य. मी म्हणते ते काम मोजमापाचं. सोसायटीत आठवड्याला किती टँकर येतात, पाण्याच्या टाक्या किती वेळा ओसंडतात, ओला कचरा खरंच वेगळा जातो का. मुलांनी नोंदी ठेवायच्या आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडायच्या. ज्या मुलाने सेक्रेटरींसमोर आकडे मांडले, त्याला धोरण म्हणजे काय ते कळलं.

नौपाडेकर (ठाणे)

हे झकास. मी सेक्रेटरी राहिलेलो आहे, मुलांनी आकडे घेऊन आलेलं मला आवडलं असतं. मोठे लोक सभेत नुसते ओरडतात.

तिसरा_बाक (वाशी)

मोजमाप असेल तर माझा विरोध नाही. पण युद्धाच्या विषयाला कसलं मोजमाप लावणार? तिथे समजून घेण्यावरच थांबावं.

मनमोकळी (ठाणे पूर्व)

तिथे थांबा. बरोबर आहे तुमचं.

पामबीच_पायी (सानपाडा)

मूळ धाग्यातला तिसरा प्रश्न सगळेच विसरले. अभ्यास बुडतो म्हणणाऱ्या पालकांना काय सांगायचं? मी त्यातलाच एक आहे, मुलगा यंदा दहावीला.

शाळावाली (घणसोली)

राज्य मंडळाच्या नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे, त्यात उपक्रम करायचे असतात. तुमच्या पाण्याच्या नोंदी सरळ तिथे वापरता येतील. भूगोल आणि राज्यशास्त्रातही निर्वासित, मानवी हक्क, संयुक्त राष्ट्रं येतातच. पण खरं सांगू? गुणांसाठी म्हणून पटवू नका. एखाद्या शनिवारी पालकांना मागे बसवा आणि मुलांचं बोलणं ऐकू द्या. फक्त मध्ये बोलायची परवानगी देऊ नका.

पामबीच_पायी (सानपाडा)

मध्ये न बोलणं जमेल असं वाटतंय. आमचा सीबीएसईला आहे, पण बसतो मागे.

पारसिकपल्याड (ऐरोली)

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

पहिले दोन शनिवार पाणी, शाळावालींचे चार तुकडे. गट चौघांचे, मी पाडणार, मित्रांना एकत्र बसू देणार नाही. प्रत्येक गटात वेगवेगळ्या शाळेतली मुलं. भाषा ज्याला जी येते ती. तिसऱ्या शनिवारी नौपाडेकरांचा वॉर्डाचा नकाशा आणि आमच्या टँकरच्या नोंदी. त्यानंतर खाडी, खाडीपोर सांगतील त्या ओहोटीला. विस्थापनाचा विषय पावसाळा संपल्यावर, आजोबांशी आधी बोलून. युद्धाला हात घालायच्या आधी मनमोकळींना फोन करेन.

एक अडचण आहे. शहापूरचा तुकडा मी कुठल्या मजकुरावर तयार करू? वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, पण ती मोठ्यांसाठी लिहिलेली.

शाळावाली (घणसोली)

दीड पानाचा मजकूर मी माझ्या वर्गासाठी लिहिलाय, चारही तुकड्यांचा. व्यक्तिगत निरोपातून पाठवते. शहापूरच्या पानावर मुद्दाम शेवटचा परिच्छेद ठेवलेला नाही. तो भाग मुलांनी विचारून शोधायचा.

उल्हासकाठ (कल्याण)

माझी बहीण शहापूर तालुक्यात शिक्षिका आहे. तिच्या वर्गातल्या मुलांशी तुमच्या मुलांचं फोनवर बोलणं घडवता येईल. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत, फक्त तुमच्यांनी नव्हे. तिकडच्या मुलांनाही ऐरोलीबद्दल विचारायचं असेल.

पारसिकपल्याड (ऐरोली)

हे तर फारच उत्तम. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला जमेल का, बहिणीला विचाराल?

उल्हासकाठ (कल्याण)

विचारलं. सहाला नको म्हणते, मुलं तेव्हा पाण्याला गेलेली असतात. चारला चालेल.

पारसिकपल्याड (ऐरोली)

चारला ठेवू. आमच्या मुलांना वेळ का बदलली तेही सांगतो.